कपाळावरची माती आणि मानेवरचा हात

"सर, तुम्ही इतिहासाचे. पानिपत सांगा, शिवाजीमहाराज सांगा. डोकेदुखीवर तुम्ही काय बोलणार?" हे भाषण लिहायला घेतले तेव्हा आमच्या एका सहकाऱ्याने मला असे विचारले. प्रश्न रास्त आहे. पण राजे आले आणि गेले, राज्ये बुडाली, डोकेदुखी मात्र कुठे गेली नाही. सुश्रुताच्या काळी ती होती, महात्माजींना होती, आणि आज सकाळी तुमच्या-माझ्या घरात कुणी ना कुणी कपाळ दाबत उठलेच असेल. माणसाने आपल्या दुखण्यावर काय काय करून पाहिले, कशावर विश्वास ठेवला आणि तो विश्वास कसा पारखून घेतला, हाही इतिहासच आहे.

या विषयाकडे मी वळलो तो देवळीच्या बाजारात. गेल्या उन्हाळ्यात दाढी-कटिंगच्या एका दुकानात नंबर लावून बसलो होतो. खुर्चीतल्या गृहस्थांची दाढी झाली, डोक्याला तेल झाले, चंपी झाली. मग कारागिराने त्यांची हनुवटी एका हातात धरली, दुसरा हात डोक्यामागे ठेवला आणि मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे अशी कडकन फिरवली की माझ्याच अंगावर काटा आला. गृहस्थ मात्र डोळे मिटून म्हणाले, "हलकं झालं बाप्पा डोस्कं!"

माझ्या शेजारी बारावीतला एक मुलगा मोबाइल घेऊन बसला होता. त्याने पडदा माझ्यापुढे धरला. त्यात परदेशातला एक पांढऱ्या कोटातला माणूस तेच करीत होता. तीच हनुवटी, तोच झटका, तोच आवाज. मुलगा म्हणाला, "सर, हे तं आपल्या इथल्यासारखंच हाय नं? मंग यायले डाक्टर काऊन म्हणतात?"

मला त्याला तिथल्या तिथे उत्तर देता आले नाही. हे भाषण म्हणजे त्या मुलाला दिलेले उशिराचे उत्तर आहे असे समजा. पण त्या झटक्याने माझ्या अंगावर काटा का आला, ते आधी सांगितले पाहिजे.

माझ्या आईला अर्धशिशी होती. आम्ही लहान असताना महिन्यातून पाच-सहा दिवस तरी घरावर एक सावट येई. सकाळीच आई म्हणे, "बाबू, दार लोटून घे. उजेड डोयात खुपते." मग ती डोक्याला फडके करकचून बांधून अंधाऱ्या खोलीत पडे. भांड्याचा आवाज तिला सोसत नसे. फोडणीच्या वासाने उलटी होई. संध्याकाळपर्यंत, कधी दुसऱ्या दिवसापर्यंत हे चाले. नंतर ती उठून जणू काही झालेच नाही अशी कामाला लागे. आणि नेमके हेच तिच्या अंगाशी येई. काल निजलेली बाई आज धुणे धुताना दिसते, म्हणजे कालचे नाटक होते, असे शेजारच्या बाया म्हणत. ताप असता तर अंगाला हात लावून कळला असता. जखम असती तर दिसली असती. अर्धशिशी दिसत नाही, म्हणून ती लोकांना खरी वाटत नाही.

वस्तुतः आपल्या पूर्वजांना ती चांगली खरी वाटत होती. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात डोक्याच्या अकरा रोगांची नावे दिली आहेत. त्यांत एक 'अर्धावभेदक' आहे. अर्धे डोके भेदल्यासारखे दुखते, आणि हे दुखणे दहा दिवसांनी, पंधरवड्याने किंवा अवचित येते, असे त्याचे वर्णन आहे. दुसरा 'सूर्यावर्त'. हा सूर्याबरोबर चढतो, भर दुपारी टिपेला पोचतो आणि सूर्य कलला की उतरतो. तिसरा 'अनंतवात'. यात वेदना मानेच्या मागच्या बाजूला सुरू होऊन डोळा, भुवई आणि कानशील यांत येऊन बसते. दुखते कपाळ, पण उगम मानेत, ही गोष्ट त्या जुन्या वैद्यांच्या नजरेतून सुटली नव्हती.

पश्चिमेतही शब्द असाच बनला. दुसऱ्या शतकातल्या गॅलेन नावाच्या ग्रीक वैद्याने या दुखण्याला 'हेमिक्रेनिया' म्हटले. हेमी म्हणजे अर्धे, क्रेनियन म्हणजे कवटी. तो शब्द झिजत झिजत फ्रेंच भाषेत 'मायग्रेन' झाला. म्हणजे मायग्रेन आणि अर्धशिशी हे दोन्ही शब्द एकच गोष्ट सांगतात. शहरातल्या माणसाला मायग्रेन होतो आणि खेड्यातल्या बाईचे नुसते डोके दुखते, असे जे आपण समजतो त्यात काही अर्थ नाही.

नाव सापडले, पण उपाय? उपाय प्रत्येक घरात वेगळा. सुंठ उगाळून लेप, नाकात तुपाचे थेंब, टाळूवर तेल, ओल्या फडक्याची घडी. 1893 साली मुंबईत काशीनाधुनी नागेश्वरराव या तेलुगू गृहस्थांनी 'अमृतांजन' नावाचा पिवळा मलम विकायला काढला. तो बाटलीतून देशभर गेला आणि लेपाची जागा बामने घेतली. याच दशकात, 1899 साली, जर्मनीतून ॲस्पिरिनची पूड बाजारात आली. लेप गेला, बाम आला, गोळी आली. एक गोष्ट मात्र बदलली नाही, ती म्हणजे दुखणाऱ्या डोक्यावर ठेवलेला दुसऱ्या माणसाचा हात.

हाताच्या उपायांत आपला देश कोणाला हार जाणारा नाही. मालीश, चंपी, हाडवैद्याचे ओढणे-बसवणे, आणि कमरेत उसण भरली की पायाळू माणसाकडून लाथ मारून घेणे! पायाळू म्हणजे जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो. आपल्या गावांतून अशा माणसाला अजून बोलावणे येते. आपली चंपी तर सातासमुद्रापलीकडे गेली. पाटण्याचे शेख दीन महंमद यांनी 1814 च्या सुमारास इंग्लंडमध्ये ब्रायटन येथे वाफेची न्हाणी आणि अंग चोळण्याचे दुकान थाटले आणि पुढे दोन इंग्रज राजांची सेवा केली. आज आपण केस धुण्याच्या द्रवाला शाम्पू म्हणतो, तो शब्द आपल्याच 'चांपणे' या शब्दाच्या घराण्यातला आहे.

आता मोबाइलमधल्या त्या पांढऱ्या कोटाकडे येऊ. त्याची कुळकथा अमेरिकेतली आहे. 1828 साली जन्मलेल्या अँड्र्यू टेलर स्टिल यांनी आत्मचरित्रात आपल्या लहानपणची एक आठवण दिली आहे. दहा वर्षांचे असताना त्यांचे डोके फार दुखत होते. दोन झाडांना बांधलेला दोरीचा झोका होता. त्यांनी दोरी जमिनीपासून वीतभर उंचीवर आणली, तिच्यावर घोंगडी टाकली आणि मानेखाली ती उशीसारखी घेऊन पडून राहिले. डोळा लागला. उठले तो डोकेदुखी नाहीशी. पुढे 1874 साली याच स्टिलनी हाडे आणि स्नायू हातांनी हाताळून रोग बरे करण्याची एक पद्धती मांडली. तिला ऑस्टिओपॅथी म्हणतात.

तिच्यानंतर एकवीस वर्षांनी तिची धाकटी बहीण जन्माला आली. आयोवा प्रांतातील डॅव्हनपोर्ट गावात डॅनियल डेव्हिड पामर नावाचे गृहस्थ चुंबकशक्तीने रोग बरे करण्याचा व्यवसाय करीत. 18 सप्टेंबर 1895 रोजी त्यांनी त्याच इमारतीत झाडलोट करणाऱ्या हार्वे लिलार्ड या बहिऱ्या माणसाच्या पाठीच्या कण्यावर जोराचा दाब दिला, आणि त्याला ऐकू येऊ लागले असे पामरांनी सांगितले. ग्रीक भाषेत 'खेइर' म्हणजे हात आणि 'प्राक्सिस' म्हणजे क्रिया. त्यावरून या विद्येचे नाव पडले कायरोप्रॅक्टिक. सरळ मराठीत सांगायचे तर हस्तक्रिया.

पामर एवढ्यावर थांबले नाहीत. शंभरातले पंच्याण्णव रोग कण्याचे मणके सरकल्यामुळे होतात, असे त्यांनी 1910 साली छापून टाकले. शरीरशास्त्र जाणणाऱ्यांनी लगेच विचारले की ऐकण्याची नस तर कवटीतल्या कवटीत कानाकडे जाते, ती पाठीच्या कण्यातून जातच नाही, मग कणा दाबून बहिरेपण कसे जाईल? या प्रश्नाला नीट उत्तर मिळाले नाही. 1906 साली परवान्यावाचून वैद्यकी केल्याबद्दल पामरांना तुरुंगही पाहावा लागला. पण त्यांची शाळा चालली, मुलाने ती वाढवली, आणि डॉक्टरांच्या संघटनेशी चाललेला झगडा शेवटी न्यायालयात गेला. 1987 साली निकाल कायरोप्रॅक्टरांच्या बाजूने लागला. त्यांच्यावर टाकलेला बहिष्कार बेकायदा होता, असे न्यायालयाने ठरवले. मात्र एक भेद ध्यानात ठेवावा. बहिष्कार बेकायदा ठरला, म्हणून उपाय गुणकारी ठरला असे होत नाही. न्यायालय हक्क ठरवते. औषधाचा गुण ठरवायला दुसरे न्यायालय लागते. त्याच्याकडे आपण येणारच आहोत.

त्याआधी मला तुम्हाला आपल्याच जिल्ह्यात आणायचे आहे. देवळीहून वर्धा अठरा किलोमीटर, आणि वर्ध्याहून पुढे सेवाग्राम आठ किलोमीटर. सकाळी निघालेला माणूस सायकलनेसुद्धा जेवणाच्या वेळेला पोचेल. तिथे आपल्या देशातला एक फार मोठा डोकेदुखीचा रुग्ण येऊन राहिला होता.

दचकू नका. गांधीजींनी स्वतःच हे लिहून ठेवले आहे. दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गला वकिली करीत असताना त्यांना बद्धकोष्ठ असे आणि डोके वरचेवर दुखे. मँचेस्टर शहरात काही लोकांनी सकाळची न्याहारी न करण्याचा संघ काढल्याचे त्यांच्या वाचण्यात आले. त्यांनीही न्याहारी सोडून पाहिली. काही दिवस जड गेले, पण डोकेदुखी साफ थांबली. आपण गरजेपेक्षा जास्त खात होतो, असा निष्कर्ष त्यांनी काढला. बद्धकोष्ठ मात्र तसेच राहिले. मग जर्मनीतल्या अडॉल्फ युस्ट यांचे निसर्गाकडे परत चला असे सांगणारे पुस्तक त्यांच्या हाती आले, आणि त्यातून त्यांनी मातीचा उपचार घेतला.

हा माणूस 1934 साली वर्ध्याला आला, पुढे मगनवाडीत राहिला, आणि 30 एप्रिल 1936 रोजी शेगाव नावाच्या खेड्यात राहायला गेला. त्याच शेगावचे नाव 1940 साली सेवाग्राम झाले. 1935 च्या डिसेंबरात वर्ध्यालाच त्यांचा रक्तदाब फार वाढला होता. आपल्या जिल्ह्याचा उन्हाळा कसा असतो हे तुम्हाला मी सांगायला नको. त्या उन्हात कपाळावर आणि पोटावर ओल्या मातीची पट्टी ठेवून पडून राहणे हा त्यांच्या दिनक्रमाचा भाग झाला.

1942 च्या ऑगस्टमध्ये त्यांना पुण्याच्या आगाखान महालात ठेवले गेले. पंधरा तारखेला महादेवभाई देसाई तिथेच वारले. त्याला दोन आठवडे झाले न झाले, तोच त्यांनी 'आरोग्याची किल्ली' हे छोटे पुस्तक लिहायला घेतले आणि डिसेंबरात पुरे केले. त्यात मातीवर एक प्रकरण आहे. शिक्षकबंधूंनी ते अवश्य वाचावे, कारण निरीक्षण कसे लिहावे याचा तो एक नमुना आहे. पोटावरची पट्टी तीन इंच रुंद, सहा इंच लांब आणि अर्धा इंच जाड असावी. माती खरखरीत नको, चिकट नको. खत घातलेल्या शेतातली तर मुळीच नको. ती वाळवावी, कुटावी, बारीक चाळणीने चाळावी, आणि तिच्या स्वच्छतेची शंका आली तर चांगली तापवून घ्यावी.

आणि डोकेदुखीबद्दल काय? शेकडो जणांवर आपण हा प्रयोग केला आणि डोक्यावर मातीची पट्टी ठेवल्याने बहुतेकांना आराम पडला, असे ते सांगतात. पण पुढे ते म्हणतात की डोकेदुखीची कारणे अनेक असतात, पट्टीने तेवढ्यापुरता आराम पडतो. हे 'तेवढ्यापुरता' फार मोलाचे आहे. विंचवाबद्दलही तसेच. सेवाग्रामला विंचू पुष्कळ. सगळे उपाय करून पाहिले, एकही हमखास नाही. माती इतर उपायांपेक्षा कमी पडत नाही, एवढेच म्हणता येईल, असे त्यांनी लिहिले. बाजारातला वैदू असे कधी म्हणेल का? "रामबाण" म्हटल्याशिवाय त्याची पुडी खपत नाही.

त्यांचा मातीवर विश्वास होता, पण त्यांनी तिचा हट्ट धरला नाही. 1924 च्या जानेवारीत पुण्याच्या ससून रुग्णालयात त्यांनी आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया करून घेतली. आत्मकथेत माती आणि पाण्याच्या प्रयोगांचे प्रकरण संपते न संपते तोच पुढचे प्रकरण ते वाचकांना इशारा देण्यासाठी लिहितात. दूध सोडण्याविषयी मी पूर्वी लिहिले म्हणून कुणी तेच धरून बसू नये, स्वतःच्या अनुभवाला उतरले तरच करावे, असा त्याचा आशय आहे. 1946 च्या मार्चमध्ये त्यांनी पुणे जिल्ह्यात उरुळी कांचन येथे खेड्यातल्या गरिबांसाठी निसर्गोपचाराचे काम सुरू केले, ते मणिभाई देसाईंनी पुढे चालवले. आणि ज्या सेवाग्रामात मातीची पट्टी होती, तिथेच कस्तुरबांच्या नावाचे रुग्णालय उभे राहिले आणि 1969 साली डॉ. सुशीला नय्यर यांच्या पुढाकाराने वैद्यकीय महाविद्यालय निघाले. माती आणि शस्त्रक्रिया एकाच गावात नांदल्या, हे आपल्या जिल्ह्याचे भाग्य.

आता ते दुसरे न्यायालय. उपाय खरा की भासाचा, हे कसे ठरवायचे? अर्धशिशी येते आणि आपोआप जातेही. ती जायच्या वेळी तुम्ही जे काही करीत असाल त्याला श्रेय मिळते. मग ते माती असो, मंतरलेले पाणी असो की मानेचा झटका. म्हणून तुलना करावी लागते. नॉर्वेतल्या संशोधकांनी 2017 साली असा एक प्रयोग प्रसिद्ध केला. अर्धशिशीच्या 104 रुग्णांचे तीन गट केले. पहिल्या गटाला मणक्यावरची खरी हस्तक्रिया दिली. दुसऱ्याला तशीच दिसणारी पण लटकी क्रिया, जी कण्यावर नव्हतीच. तिसरा गट आपल्या नेहमीच्या औषधांवर राहिला. काय दिसले? सुरुवातीला तिन्ही गटांत दुखण्याचे दिवस कमी झाले. पुढे तिसरा गट मूळ पदावर आला, पहिल्या दोघांचा फायदा टिकला. पण खऱ्या आणि लटक्या क्रियेत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. म्हणजे आराम खरा होता, पण तो मणका बसवल्यामुळे नव्हता. कुणीतरी आपल्याकडे लक्ष देतो आहे, हात लावतो आहे, या आश्वासनाचा तो गुण असावा, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

मग मान आणि डोके यांचा संबंधच नाही काय? आहे, आणि चांगला निकटचा आहे. चेहरा आणि कपाळ यांच्या वेदना वाहून नेणारी नस आणि मानेच्या वरच्या तीन मणक्यांजवळून निघणाऱ्या नसा मेंदूच्या बुंध्याशी एकाच ठिकाणी येऊन मिळतात. दोन गावांची टपाले एकाच पोस्टात यावीत आणि पत्र कोणत्या गावचे हे कळू नये, तसे होते. त्यामुळे मानेचे दुखणे कपाळात जाणवते आणि अर्धशिशी येताना मान आखडते. पुष्कळांना वाटते की मान आखडली म्हणून डोके दुखले. बहुधा उलटे असते. मानेचे आखडणे ही येणाऱ्या अर्धशिशीची वर्दी असते. खरोखर मानेतून उगम पावणारी डोकेदुखी हा वेगळा प्रकार आहे. ऑस्ट्रेलियात 2002 साली अशा 200 रुग्णांवर प्रयोग झाला. त्यात मानेचे नेमके व्यायाम आणि जाणत्या हाताचा उपचार या दोहोंनी आराम पडला आणि तो वर्षभर टिकला. अनंतवात आणि अर्धावभेदक यांची नावे सुश्रुताने वेगळी ठेवली, ती उगीच नव्हे.

आणि तो कडकन आवाज? हाड जागेवर बसल्याचा तो आवाज नव्हे. बोटे मोडताना येतो तोच हा आवाज आहे. सांध्यातल्या पाण्यात वायूची पोकळी होते, तिचा तो आवाज. मोठा आवाज म्हणजे मोठा गुण, असे नाही.

धोका मात्र मोठा असू शकतो. मानेच्या मणक्यांना दोन्ही बाजूंना भोके असतात आणि त्यांतून मेंदूकडे रक्त नेणाऱ्या दोन धमन्या वर जातात. मानेला जोराचा पीळ बसला तर धमनीचे आतले अस्तर फाटू शकते, तिथे रक्ताची गुठळी होते आणि माणसाला अर्धांगाचा झटका येऊ शकतो. असे क्वचित घडते, पण तरुण माणसालाही घडते. मान फिरवल्यानंतर मानेत नवी तीव्र कळ आली, चक्कर आली, एकाची दोन माणसे दिसू लागली, जीभ अडखळली किंवा तोल गेला, तर बाम चोळत बसू नये. तडक रुग्णालय गाठावे.

आता माझ्या अंगावर काटा का आला ते सांगतो. कुणीतरी सांगितले म्हणून वडील आईला एका गावी मान बसवणाऱ्याकडे घेऊन गेले होते. मी सोबत होतो. अंगणात पंचवीस-तीस माणसे बसलेली. त्याने आईला काही विचारले नाही. मान धरली, फिरवली, आवाज झाला. "गेली तुमची अर्धशिशी," तो म्हणाला. दोन दिवस घरात सण होता. तिसऱ्या दिवशी आईला उभे राहता येईना. भिंत धरून चालली तरी घर फिरत होते. आठवडाभर ती तशीच होती. मग हळूहळू सावरली. त्या धमन्यांची गोष्ट मला पुढे वाचून कळली तेव्हा माझ्या हातापायांतले बळ गेले. तिचे काय झाले होते ते आज सांगता येणार नाही. वाचली, एवढे खरे. आणि महिनाभरात अर्धशिशी पुन्हा आली ती आलीच.

त्यानंतर एका दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदाच तिला खुर्चीवर बसवून तिचे सगळे ऐकून घेतले. गोळी दिली आणि बजावले की दुखरी गोळी रोज-रोज घ्यायची नाही, महिन्यातले बरेच दिवस गोळ्या घेतल्या तर गोळ्यांमुळेच डोके दुखू लागते. आणि एक काम सांगितले. "भिंतीवरच्या कॅलेंडरवर, डोकं दुखेल त्या दिवशी फुली मारत जा."

आईला अक्षरओळख बेताची. पण फुली मारता येत होती. तीन महिन्यांनी मी ते कॅलेंडर उतरवून पाहिले आणि चकित झालो. काही फुल्या बायकांच्या महिन्याच्या दिवसांपाशी होत्या. त्याचे डॉक्टरीणबाईंना नवल वाटले नाही. अर्धशिशी बायकांना पुरुषांच्या सुमारे तिप्पट असते, आणि त्या दिवसांशी तिचे नाते असते, असे त्या म्हणाल्या. पण बाकीच्या फुल्या कुठे होत्या? संकष्टीला. एकादशीला. सोमवारांना. कॅलेंडरने जिथे उपवास छापला होता, तिथेच आईने फुली मारली होती!

वाचकहो, आता गंमत पाहा. जोहान्सबर्गच्या वकिलाची डोकेदुखी न्याहारी सोडून गेली, आणि देवळीच्या बाईची डोकेदुखी न्याहारी सुटली की येत होती. दोघांपैकी खोटे कोणीच नव्हते. उपाशी राहणे हे अर्धशिशी ओढवण्याचे एक ओळखीचे कारण आहे, हे आज वैद्यकाला माहीत आहे. महात्म्याचा उपाय महात्म्याला लागू पडला. पण तो उपाय शोधण्याची त्यांची रीत, म्हणजे करून पाहा, लिहून ठेवा, खोटे ठरले तर सोडा, ती रीत आईलाही लागू पडली. मोठ्या माणसाचा उपाय उचलण्यापेक्षा त्याची रीत उचलावी.

आईने उपवास सोडले नाहीत, ते तिच्याने होणारही नव्हते. पण सकाळी उठल्याबरोबर ती दोन केळी खाऊ लागली, भगर दुपारपर्यंत न थांबता वेळेवर करू लागली, पाणी भरपूर पिऊ लागली. अर्धशिशी गेली नाही. महिन्याच्या पाच-सहा फुल्या होत्या, त्या दोनवर आल्या. त्या दोन दिवशी ती अजूनही खोली अंधारी करते आणि कपाळावर गार पाण्याची घडी ठेवते. ती घडी म्हणजे सेवाग्रामच्या मातीची धाकटी बहीण. तिने रोग जात नाही, पण तेवढ्यापुरता आराम पडतो. तेवढ्यापुरता आरामही कमी नसतो.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, शेवटची गोष्ट तुमच्यासाठी. तुमच्या वर्गात एखादी मुलगी वरचेवर डोके धरून बसत असेल, तर तिला ढोंगी म्हणू नका. फळ्यावरचे तिला दिसते का पाहा, सकाळी काही खाऊन आली का विचारा, आणि वहीच्या मागल्या पानावर तारखा लिहायला सांगा. ते पान घेऊन तिला डॉक्टरकडे पाठवा. आणि अवचित, आयुष्यात कधी नव्हे इतकी भयंकर डोकेदुखी उठली, डोकेदुखीबरोबर ताप येऊन मान ताठली, डोक्याला मार लागल्यावर दुखू लागले, हातपाय लुळा पडला, किंवा पन्नाशीनंतर प्रथमच असे दुखू लागले, तर तारखा लिहीत बसू नका. त्याच दिवशी रुग्णालयात न्या.

बारावीतल्या त्या मुलाला आता मी सांगेन. बाबा रे, इथला हात आणि तिथला हात, दोन्ही माणसाचेच. दोन्ही हातांत दिलासा आहे. डोक्याला तेल लावून घे, खांदे चोळून घे, त्यात सुख आहे. पण हनुवटीला हात गेला की म्हण, "दादा, मान राहू द्या." दुकानातला कारागीर रागावणार नाही. मी सांगून पाहिले आहे. तो हसला, आणि त्याने माझे खांदेच जरा जास्त वेळ चोळून दिले.